बारा रजया परत मिळणेबाबत

विषय : उत्तरांचल राज्यातील मौजे देवखाल येथील हिवाळी क्रीडा महोत्सवास पुरविलेल्या साठ रजयांपैकी बारा रजया परत मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. मुनव्वर मन्सूरी, गादी कारागीर, राहणार जुने शहर, अकोला यांचा दिनांक १७ फेब्रुवारी २००६ चा अर्ज.

उपरोक्त अर्जात ‘कारण’ या रकान्यात मुनव्वरने ‘घरगुती’ असा एकच शब्द लिहिला आहे. सरकारी रकाना दीड इंचाचा असतो. त्यात मावले तेवढे त्याने लिहिले. उरलेली हकिगत पुढीलप्रमाणे.

मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरले की तिसऱ्या गल्लीत मुनव्वरचे दुकान लागे. वडिलांच्या काळी तिथे धनुकलीची तार वाजत असे. मुनव्वरने पिंजायचे मशीन आणले, तेव्हापासून शेजारचे लोक एकमेकांशी ओरडून बोलू लागले. मशीन बंद झाले तरी त्यांची सवय काही गेली नाही. मुनव्वर कापूस पिंजायचा आणि त्याची बायको अकीला टाके घालायची. अकीलाचे माहेर तिवशाजवळच्या एका खेड्यातले. लहानपणी बायांबरोबर वावरात कापूस वेचून तिची बोटे तयार झाली होती. मुनव्वरच्या घरात उर्दू चाले, पण भांडायला अकीलाला वऱ्हाडीच लागे. त्यामुळे हळूहळू सगळ्या घराचीच भाषा वऱ्हाडी झाली.

या घराण्यात एक रीत होती. जुन्या गादीचा कापूस पिंजायला आला की मशीनला हात लावण्याआधी आणणाऱ्याला विचारायचे, “पांघरणारा हाय ना?” हाय म्हटले की कापूस मोकळा, कशातही मिसळावा. नाही म्हटले की तो वेगळा ठेवायचा, वेगळा पिंजायचा, आणि त्याची उशी होवो की दुलई, ती त्याच घरी परत पाठवायची. “माणूस जाते, ऊब ऱ्हाते. ज्याची ऊब त्याच्याच घरी गेली पायजे,” असे मुनव्वरचे वडील म्हणत. गिऱ्हाइकांपैकी काही हसत, काही डोळे पुसत. पण विचारल्यावाचून त्या दुकानात कधी कापूस पिंजला गेला नव्हता.

२००५ च्या दिवाळीनंतर जिल्ह्याच्या कचेरीत एक परिपत्रक आले. हिमालयात देवखाल नावाचे गाव आहे, तिथे बर्फाच्या उतारावर जानेवारीत दहा दिवसांचा महोत्सव भरतो, सबब प्रत्येक जिल्ह्याने आपली कारागिरी तिथे न्यावी. वऱ्हाडातून बर्फात काय न्यावे यावर कचेरीत दोन बैठका झाल्या. संत्री गोठतील म्हणून नामंजूर. तुरीच्या डाळीला कारागिरी म्हणता येईना. शेवटी कोणाला तरी आठवले की आपल्याकडे कापूस होतो. साठ रजया ठरल्या. महोत्सवात त्या तिथल्या मोठ्या लॉजच्या खोल्यांत पाहुण्यांना द्यायच्या, नंतर लॉजनेच ठेवून घ्यायच्या. उताराच्या पायथ्याशी एक दालन मिळणार होते. त्यात अकीलाने लोकांसमोर बसून टाके घालून दाखवायचे.

मुदत पंचवीस दिवसांची. नेमका त्या वर्षी वेचणीच्या ऐन दिवसांत पाऊस आला. बाजारात आलेला कापूस इतका ओला की मशीनमध्ये त्याचे गोळे होत. अठ्ठेचाळीस रजया झाल्या आणि कोरडा कापूस संपला. जिल्ह्याचे नाव जाईल, असे कचेरीतून दोनदा सांगून झाले होते. जिल्ह्याचे नाव जाणे म्हणजे नेमके काय होणे, हे मुनव्वरने विचारले नाही. पण त्याची झोप गेली.

तेव्हा नांदगाव पेठेचा मुजम्मिल गाडी घेऊन आला. हा जुने कपडे, जुनी अंथरुणे गोळा करणारा माणूस. त्याने बारा गठ्ठे उतरवले.

“कोठचे?” मुनव्वरने विचारले.

“तिवश्याकडचे. चार गावं फिरलो भाई. अर्ध्या घराइले कुलपं. जे हायेत ते बी सामान काढून राहिले.”

मुनव्वरने एक गठ्ठा सोडला. गादी होती, बरीच वापरलेली. मधोमध माणसाच्या अंगाएवढा खोलगट भाग पडला होता. खांद्याची जागा, टाचांची जागा, सगळे दिसत होते. त्या सालांत वऱ्हाडात माणसे जाण्याची बातमी वर्तमानपत्रात हवामानाच्या शेजारी, ठरलेल्या जागी येई. मुनव्वर ते पान रोज उलटत असे. प्रश्न त्याच्या ओठांवर आला. पण विचारले की उत्तर येते, आणि उत्तर आले की त्याप्रमाणे वागावे लागते. कचेऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुनव्वरला ते त्या दिवशी कळले.

त्याने मुजम्मिलला चहा घेणार का, एवढेच विचारले.

कापूस पिंजला गेला. मुनव्वरने खोळी आधीच जाळून टाकल्या होत्या, त्यामुळे अकीलाच्या हाती आला तो पांढरा, हलका, कोणाचाही नसलेला कापूस. सगळ्या रजयांना तिने एकच निळ्या चौकटीचे कापड लावले. शेवटच्या बारा रजयांवर मात्र तिची सुई वारंवार वाकली.

“जड जाऊन राहिली ही,” ती म्हणाली. “इचारलं ना मुजम्मिलले?”

“इचारलं.”

अकीलाने दुसरी सुई घेतली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिघे निघाले. तिसरे म्हणजे मोरोपंत, कचेरीतले वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला चार महिने राहिलेले. त्यांनी दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल आणि माकडटोपी असा पोशाख अकोल्याच्या फलाटावरच चढवला होता. भुसावळला गाडी बदलेपर्यंत ते घामाने निथळले, पण काही काढायला तयार होईनात.

“साहेब, हिमालय आणखी दोन दिवसावर हाय,” अकीला म्हणाली.

“थंडी कधी कोठून येईल, सांगता येत नाही, अकीलाबाई. पूर्वतयारी असलेली बरी.”

मग देवखाल आले. मुलीला सांगायला म्हणून अकीला गाडीत एकेक गोष्ट तोंडपाठ करत आली होती. अमरीन सोळा वर्षांची, ती अकोल्यात मामूंकडे राहिली होती. पण इथे काय सांगणार? डोंगराची अख्खी पाठ पांढरी. त्या पाठीवरून लाल-पिवळ्या कपड्यांतली माणसे पायांना लांब पट्ट्या बांधून सरसर खाली येत होती. वरच्या तारेवरून पाळण्यात बसून माणसे पुन्हा वर जात होती, पुन्हा खाली यायला. हे पाहून मोरोपंतांना कचेरीतल्या फायली आठवल्या. एका बाजूला मुलांच्या घसरगाड्या, दुसरीकडे बर्फातला फुटबॉल, कडेला मॅगीच्या टपऱ्या, संध्याकाळी ढोल आणि पहाडी नाच. मोरोपंतांनी रोजच्या अहवालात लिहिले, ‘दिनांक ९. बर्फ पाहिला. समाधानकारक.’

दुसऱ्याच दिवशी अकीला रबरी ट्यूबमध्ये बसून छोट्या उतारावरून खाली आली. बुरख्यावर मुनव्वरचा कोट, पायांत लॉजने दिलेले गमबूट. खाली येईपर्यंत ती हसत होती, आणि थांबल्यावरही तिचे हसू थांबेना. बर्फातच बसून तिने डोळे पुसले.

“तुमी बी बसा ना, अमरीनच्या अब्बा.”

“माह्या बापजाद्यात कोणी असं घसरलं नाही.”

“घसरले असतीन. सांगतलं नसीन.”

मुनव्वर बसला नाही. पण ती चार वेळा वर गेली आणि चार वेळा खाली आली, तोवर तो तिथेच उभा राहिला. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. इतकी हसताना तिला त्याने पाहिले नव्हते.

रजयांची तारीफ होऊ लागली. लॉजचे पाहुणे दालनात मुद्दाम येऊन सांगत. पण कधीकधी तारीफ करता करता माणूस मध्येच थांबे. नवे लग्न झालेले दिल्लीचे एक जोडपे आले. त्यातली मुलगी म्हणाली, “बहुत गरम है आंटी. बस, मिट्टी की महक आती है. गीली मिट्टी की.” बाहेर चार फूट बर्फ होता, आणि मातीचे दर्शन महिनाभर कोणाला झाले नव्हते. एक म्हातारे गृहस्थ एकटेच उतरले होते. त्यांनी सांगितले की पहाटे जाग येते तेव्हा रजईची कड पायांखाली नीट खोचलेली असते. त्यांना वाटले, ही लॉजची सेवा असावी. लॉजचा माणूस म्हणाला, आमच्याकडे अशी सेवा नाही.

अकीला हसली. “चांगल्या टाक्याची रजई आपोआप बसते अंगाले,” ती म्हणाली.

मुनव्वर रजयांच्या घड्या घालत राहिला. त्याला खोल्यांचे आकडे विचारायचे होते. ते त्याने विचारले नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून उतारावर माणसे पडू लागली. शिकाऊ माणसे तर पडतातच. पण हे पट्टीचे घसरणारे होते, आणि सगळे पाळण्यांच्या तारेच्या तिसऱ्या खांबापाशीच पडत होते. स्की शिकवणारा उस्ताद पहाडी माणूस, पन्नाशीचा. दुपारी तो दालनात चहाला येऊन बसे. चहा फुंकता फुंकता तो खालच्या आवाजात म्हणाला,

“बोलते हैं, सामने कोई झुका हुआ था. बचाने गए तो गिर गए.”

“कोण झुकलं होतं?” मोरोपंतांनी विचारले.

“कोई नहीं था, साहब. मैं खुद देख के आया. बस बर्फ में छोटे-छोटे गड्ढे हैं. मुट्ठी भर के. एक लाइन में.”

अकीलाची सुई थांबली. “लायनीत?”

“एकदम सीधी लाइन में.”

चहा संपवून तो निघून गेला. मोरोपंतांनी अहवाल उघडला, लेखणी टेकवली आणि काही न लिहिता मिटला.

महोत्सवाचा सहावा दिवस. दुपारचे साडेतीन वाजले असतील. दरीतून धुके वर आले. त्या गावात अशा धुक्याला सफेदा म्हणतात. त्यात खालची जमीन आणि वरचे आभाळ एकच होते. आपण उभे आहोत की तरंगतो आहोत, हेही कळत नाही. उस्तादाने शिटी वाजवून सगळ्यांना खाली घेतले. पाळणे थांबले. ढोल थांबला. मुले, टपऱ्या, लाल-पिवळे कपडे, एकेक करून सगळे पांढऱ्यात बुडाले. दालनापासून जेमतेम पहिला खांब दिसत होता, मग तोही दिसेना. मोरोपंत खुर्चीत माकडटोपी डोळ्यांवर ओढून पेंगत होते.

आधी वास आला. ओल्या काळ्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला तुराट्यांच्या धुराचा. मुनव्वरने अकीलाकडे पाहिले. तिनेही मान वर केली होती.

मग आवाज. अगदी बारीक. बोंडातून कापूस ओढला की जो होतो तो. एक, दोन, थोडे थांबून तीन. शहरातल्या माणसाच्या कानात तो शिरणार नाही. ज्याने हिवाळे वावरात काढले, त्याला तो झोपेतही कळतो.

“अमरीनच्या अब्बा...”

“हं.”

“कोणी तरी पात धरली हाय.”

वावरात बाया रांगेने उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला काही तास, म्हणजे पिकाच्या ओळी, येतात, आणि सगळ्या एकदम पुढे सरकतात. त्याला पात धरणे म्हणतात. मुनव्वरने उताराकडे पाहिले. धुके थोडे पातळ झाले होते. तिसऱ्या खांबाच्या खाली काही आकृत्या वाकलेल्या होत्या. बाया होत्या, दोन-तीन पुरुषही होते. कमरेला ओटी बांधलेली, डोईवर पदर किंवा फडके, पाय उघडे. दोन्ही हातांनी त्या बर्फ वेचत होत्या आणि ओटीत टाकत होत्या. घाई नव्हती. ओटी भरत नव्हती. एक पाऊल पुढे, पुन्हा वाकणे. डोंगराची अख्खी पाठ त्यांच्यापुढे पांढरीशुभ्र पसरली होती.

मुनव्वरने त्या मोजल्या. मोजायला नको होत्या.

“ते कडेची पाहा,” अकीला कुजबुजली. “डाव्या हातानं वेचून राहिली ते. पार्वतामावशी हाय. आमच्या गावची. मी तिच्याच पातीत उभी राहत जाव.”

“एवढ्या लांबून काय दिसते तुले...”

“वाकण्यावरून दिसते. माणूस वाकण्यावरून कळते.” तिने सुई कापडात खोचली. “पण पार्वतामावशी चैतात आजारी होती म्हणे. खाटीवरून उठत नव्हती. भाऊ सांगत होता.”

मुनव्वरने घातलेली घडी पुन्हा मोडली.

“ते बारा गठ्ठे तिवश्याकडचे होते ना?”

“हं.”

“तुमी इचारलं होतं.”

“इचारलं होतं.”

“काय म्हणला मुजम्मिल?”

नाही, विचारले नव्हते, असे म्हणायला तीन शब्द पुरले असते. मुनव्वरच्या मागे साठ रजया, कचेरी, जिल्ह्याचे नाव आणि अठरा वर्षांत बायकोसमोर न वाकलेली मान, हे सगळे दाटीवाटीने उभे होते.

“हायेत म्हणला. सारेच हायेत.”

अकीलाने श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मुनव्वरला पुढे कधी विसरता आले नाही. तिला हायसे वाटले होते.

“मंग भ्याचं काय हाय? जितीजागती माणसं हायेत. कामाले आणली असतीन कोणी ठेकेदारानं. आजकाल कोठीबी नेतात. पाहा, उघड्या पायानं उभ्या हायेत, बर्फात.” तिने थर्मास उचलला. परातीतले काचेचे पेले एकात एक घातले. “चहा तरी देऊन येते. अन् मावशीले इचारते, इतक्या दूर काहून आली म्हणून.”

“अकीला, नको जाऊ.”

“काहून?”

खरे सांगायला ही शेवटची जागा होती. त्याने तिच्या कोटाची बाही धरली.

“थंडी हाय,” तो म्हणाला.

“त्याइले नाही का?” ती म्हणाली, आणि हलकेच बाही सोडवून घेतली.

तिच्या गमबुटांचा करकर आवाज वर जात राहिला. धुके पुन्हा दाटले. मुनव्वर दालनाच्या खांबाला धरून उभा होता. त्याला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, बाजारात ओळखीचे कोणी भेटल्यावर निघणारा.

“कोण्या गावच्या वं बाया तुमी?”

उत्तर ऐकू आले नाही. मग पेल्यांची किणकिण. मग पुन्हा तिचा आवाज, पण आता हळू, जपून, दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारावे तसा.

“पांघरणारा... हाय ना?”

एवढ्या वेळात पहिल्यांदाच वेचण्याचा आवाज थांबला. डोंगरावर कसलाच आवाज उरला नाही. मुनव्वरने तिला हाक मारली. ती हाक त्याच्याच तोंडासमोर, कापसात पडावी तशी पडली. मग बऱ्याच वेळाने वर, तिसऱ्या खांबाकडे, आवाज पुन्हा सुरू झाला. एक, दोन, थोडे थांबून तीन.

तो धावत सुटला. वीस पावलांवर पडला, उठला, पुन्हा पडला. मोरोपंत जागे होऊन त्याच्या मागे निघाले. शिटी वाजली. पंधरा मिनिटांनी धुके उतरले तेव्हा सगळा उतार लख्ख उघडा पडला होता. लपायला एक झुडूपही नाही.

अकीलाच्या बुटांचे ठसे तिसऱ्या खांबापर्यंत गेले होते. तिथे ते चांगले खोल उमटले होते, बराच वेळ उभ्या राहिलेल्या माणसाचे. पुढे ठसा नव्हता. तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्याच पायाचा नव्हता. मुठीएवढे खड्डे मात्र होते, सरळ ओळींत, थेट वरच्या कड्यापर्यंत. थर्मास बर्फात नीट उभा ठेवलेला होता. त्याच्या बाजूला बारा पेले रांगेत, सगळे प्यालेले. प्रत्येकाच्या तळाशी चहाची चार-चार पाने चिकटलेली.

अकरा दिवस शोध चालला. फौजफाटा आला, कुत्री आली. कुत्री तिसऱ्या खांबापर्यंत जात आणि तिथे आडवी होत. महोत्सव उरकला. घसरणारे आपापल्या गावी गेले. रजया लॉजच्या कोठीत गेल्या. साठही एका कापडाच्या, एका टाक्याच्या. त्यातल्या त्या बारा कोणत्या हे ओळखणारी एकच होती.

परतीच्या गाडीत मुनव्वरने मोरोपंतांना सगळे सांगितले. मोरोपंतांनी मध्ये एकदाही काही विचारले नाही. भुसावळ आल्यावर ते म्हणाले,

“तुम्हाला काय हवं आहे, मुनव्वरभाई? एक सांगा.”

“त्या बारा रजया त्याइच्या घरी पोचल्या पायजे, साहेब. ते घरी गेले तं तिले सोडतीन.”

मोरोपंतांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट केली होती. तीच त्यांनी सुचवली.

“अर्ज करा.”

अर्ज झाला. निवृत्त झाल्यावरही मोरोपंत दर सोमवारी कचेरीत येऊन त्याची चौकशी करीत. कचेरीने लॉजला लिहिले. लॉजने कळवले की रजया सारख्या दिसतात, अर्जदाराने स्वतः येऊन ओळखाव्यात. मुनव्वर मे महिन्यात गेला. बर्फ वितळला होता. उतारावर गुडघाभर गवत आणि पिवळी फुले. त्याने ते सगळे हातांनी चाचपले, वरच्या कड्यापर्यंत. कोटाचे बटणसुद्धा मिळाले नाही. कोठीत त्याने साठ रजयांवर एकेक करून हात फिरवला. सगळ्या सारख्याच उबदार लागल्या.

२००७ च्या जानेवारीत तो पुन्हा गेला आणि तिसऱ्या खांबापाशी नऊ दिवस उभा राहिला. नऊही दिवस कडक ऊन पडले. उस्ताद म्हणाला, इतकी चांगली हवा मी कधी पाहिली नाही. मुनव्वर अकोल्याला पोहोचला त्या दिवशी देवखालात सफेदा उतरल्याचे उस्तादाने फोनवर सांगितले. पुढच्या वर्षीही तसेच झाले.

२००८ च्या मार्चमध्ये लॉजचे पत्र आले. खाली सही नव्या व्यवस्थापकाची होती, आदल्या वर्षी रुजू झालेल्या. त्याला मागचे काही ठाऊक नव्हते. पत्र इंग्रजीत होते. मोरोपंतांनी कचेरीच्या बाकावर बसून ते मुनव्वरला मराठीत वाचून दाखवले. शेजारी अमरीन होती. तिचे लग्न ठरले होते. ‘अम्मी आल्यावर’ असे ती सांगत असे, म्हणून तारीख निघत नव्हती.

पत्रात लिहिले होते, ‘बारा रजया देण्यास आमची हरकत नाही. उसवलेल्या रजया दर हिवाळ्यात शिवून देणाऱ्या आपल्या विभागाच्या बाईंकडे आम्ही चौकशी केली. त्यांनी त्या बारा वेगळ्या काढून दिल्या असून, प्रत्येकीवर नाव व गाव लिहून चिठ्ठी टाचली आहे. यादी सोबत जोडली आहे.’

यादी पेन्सिलीने लिहिलेली होती, मराठीत, सातवी शिकलेल्या माणसाच्या गोल अक्षरात. पहिले नाव पार्वताबाईचे. मग जानराव, मग नत्थुजी. बाराही नावे, बाराही गावे. मोरोपंत स्वखर्चाने तिवशाला गेले आणि मृत्यूंच्या नोंदवहीशी ताडून आले. एकही नाव चुकले नव्हते. सगळ्या नोंदी २००५ च्या, चैत्र ते कार्तिक.

अमरीनने तो कागद आधी नाकाशी नेला आणि मग अब्बांकडे दिला.

“अम्मीचंच अक्षर हाय,” ती म्हणाली.

कचेरीने व्यवस्थापकाला विचारले की सदर बाई सध्या कोठे आहेत व कधी परत येतील. उत्तर तारेने आले. ‘धुके असते तेव्हा येतात. परत जाण्याबाबत विचारले असता म्हणाल्या की, अमरीनचे अब्बा सारेच हयात असल्याचे सांगतात आणि ही माणसे नाही म्हणतात. दोघांपैकी कोणाचे खरे धरायचे, हे अमरीनच्या अब्बांकडून कळल्याशिवाय मला हलता येत नाही.’

त्याच दिवशी मुनव्वरने पुरवणी अर्ज केला. त्यात रजयांचा उल्लेख नव्हता. ‘माझी एक ओळ त्या बाईपर्यंत पोहोचवावी,’ अशी विनंती होती, आणि खाली ती ओळ : ‘अकीला, मी विचारलं नव्हतं.’

खाजगी निरोप सरकारी टपालाने पाठवता येतो किंवा कसे, याबद्दल नियमांत तरतूद आढळली नाही. मुनव्वरने तीच ओळ साध्या पत्राने लॉजकडे सात वेळा पाठवली. सातही पाकिटे परत आली. न फोडलेली, वरून कोरडी, उघडली की आत मुठीएवढा ओला डाग. कचेरीने मार्गदर्शनासाठी वरिष्ठांकडे विचारणा केली. वरिष्ठांनी अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे मागवले.

ते अद्याप आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.